थारोळं

मला पोहता येत नाही. वय ५८, माहेर कृष्णाकाठचं, मळ्यात घरची विहीर, तिघे भाऊ विहिरीत सूर मारणारे, आणि मी काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसलेली. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा त्यांच्या पाठीला बांधला जायचा, कमरेला कासरा, आणि अण्णा, म्हणजे आमचे थोरले चुलते, एकेकाला बखोटीला धरून सरळ ढकलून द्यायचे. दोन-चार गटांगळ्या खाल्ल्या की पोरगं शिकलं. मुलींना कोणी ढकललं नाही. कोणी नको असंही म्हटलं नाही, तो विषयच निघाला नाही.

आमच्या वाट्याला यायचं ते थारोळं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. मोटेचं पाणी विहिरीच्या तोंडाशी जिथे ओतलं जायचं तो दगडी हौद म्हणजे थारोळं. तिथून पाणी पाटात, पाटातून वाफ्यात. माझ्या लहानपणी मोट गेली होती, इंजिन आलं होतं, पण इंजिनाचा पाइप थारोळ्यातच पडायचा. कमरेएवढं पाणी, पायाखाली गुळगुळीत दगड. त्यात मी, चुलतबहिणी, कधी दुपारी कोणी नसलं तर आईसुद्धा. त्याला पोहणं म्हणत नाहीत, डुंबणं म्हणतात. पण त्या पाण्यात पाय टेकायचे, आणि पाय टेकत असले की माणूस किती धीट होतो हे मला तेव्हापासून माहीत आहे.

निवृत्त झाल्यावर साताऱ्याजवळच्या आमच्या चार गुंठ्यांत, घराच्या मागच्या बाजूला, मी स्वतःसाठी एक छोटा पोहण्याचा हौद बांधायचं ठरवलं, त्याचं मूळ हे असं साडेचार दशकं जुनं आहे. घरी मी एवढंच सांगितलं की गुडघ्यांना पाण्यातला व्यायाम चांगला.

पहिल्यांदा अर्थातच तयार काम करणाऱ्यांना विचारलं. एक गृहस्थ येऊन टेप न लावता जागा बघून गेले आणि चार पानी दरपत्रक पाठवलं, त्यात निळ्या दिव्यांवर एक पूर्ण पान होतं आणि जमिनीबद्दल एक ओळही नव्हती. तेव्हा म्हटलं, आपणच करू. करू म्हणजे घमेली मी वाहणार असं नाही. आखणी माझी, हिशेब माझा, गवंडी ओळखीचा, आणि अडलं तर सिव्हिलचा डिप्लोमा केलेला भाचा आहेच. आयुष्यभर गणित शिकवलं, घनफळाचं एक उदाहरण स्वतःच्या अंगणात सोडवायला काय हरकत होती?

उदाहरण असं. लांबी २० फूट, रुंदी १०, पाणी ४ फूट. झाले ८०० घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे साडेबावीस हजार लिटरच्या जरा वर. नवऱ्याचं म्हणणं खोली निदान साडेपाच हवी, चार फुटांत काय पोहणार? त्याला सूर मारायचा होता. चार फुटांत सूर मारला तर मान मोडते, आणि साडेपाचात सुद्धा मारू नयेच. पण माझा मुद्दा वेगळा होता. माझी उंची पाच फूट एक इंच. चार फूट पाणी माझ्या छातीला लागतं. चारच्या वर एक इंचही मी मान्य केला नाही.

वीस फुटांत पोहणार तरी काय, हा प्रश्न मात्र रास्त होता. तीन हात मारले की भिंत. त्यावर जगभर एक साधा उपाय करतात: कमरेला पट्टा, पट्ट्याला ताणणारी दोरी, दोरी काठावरच्या कडीत. माणूस हात मारत राहतो आणि जागच्या जागी पोहतो. हे वाचलं आणि मला हसू आलं. म्हणजे शेवटी कासराच!

मग बाहेरचं माप. भिंत सहा इंच, तळ सहा इंच, आत खोली साडेचार फूट, म्हणजे पाण्याच्या वर अर्धा फूट मोकळा. बाहेरून २१ बाय ११, उंची ५. काम करायला चहूबाजूंनी दोन फूट जागा सोडायची, खाली दगडी सोलिंग आणि साधं काँक्रीट, असा खड्डा धरला तर २५ गुणिले १५ गुणिले साडेसहा, म्हणजे जवळजवळ साडेचोवीस ब्रास (शंभर घनफुटांचा एक ब्रास). आणि खणलेली माती फुगते. जमिनीत दबून बसलेली असते ती मोकळी झाली की सव्वापट होते, म्हणजे ट्रॉलीला एक ब्रास धरला तर तीस ट्रॉल्या. एवढी माती ठेवायची कुठे, याचं उत्तर आधी शोधा आणि मग जेसीबीला फोन करा. आमच्या शेजारच्यांनी उलट केलं होतं; त्यांच्या दारात दोन पावसाळे टेकडी होती.

मे महिन्यात चाचणीचा खड्डा घेतला. तीन फूट चौरस, सात फूट खोल. वर दीड फूट काळी माती, खाली तांबूस मुरूम, अगदी तळाला पहार खणखणू लागली. कोरडा ठणठणीत. मला आनंद झाला. गवंडी काठावर उकिडवे बसले होते. त्यांची दोन्ही मुलं माझ्या वर्गात होती, त्यामुळे ते मला बाईच म्हणतात. त्यांनी मुठीत मुरूम घेऊन चुरला आणि म्हणाले, "बाई, मे महिन्यात जिमीन खोटं बोलती. आखाडात इचारा तिला."

मग मी खड्डा बुजवला नाही. वरून पत्रा टाकला, पावसाचं वाहतं पाणी आत जाऊ नये म्हणून भोवती मातीचा बांध घातला, आणि थांबले. नातेवाईक येऊन विचारायचे, सेप्टिक टँक का? मी हो म्हणायचे.

या थांबण्याच्या काळात एकदा लिंबला जाऊन आले. साताऱ्याहून फार लांब नाही. बारा मोटेची विहीर लोकांनी फोटोंतून इतकी पाहिली आहे की तिथे गेल्यावर पहिल्यांदा काही दिसतच नाही. वीरूबाई भोसल्यांनी ती १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली, आमराईला पाणी द्यायला. अष्टकोनी, सव्वाशे पावलांत फिरून होईल एवढी, आणि खाली वाकून बघितलं की डोकं गरगरावं एवढी खोल. मी या खेपेला महाल, शिल्पं काही पाहिलं नाही. भिंत पाहिली. तीनशे वर्षं ती माती अंगावर घेऊन उभी आहे, आत कुठे फुगलेली नाही. विहिरी गोल किंवा गोलाच्या जवळपास का असतात ते वर्गात शिकवायला हवं होतं असं वाटलं. बाहेरून माती दाबते तेव्हा गोलातला प्रत्येक दगड शेजारच्या दगडात जास्तच घट्ट बसतो. सरळ भिंतीला तशी सोय नाही. तिला मध्यभागी वाकावंच लागतं, म्हणून तिच्या पोटात लोखंड घालावं लागतं. गवंडीही म्हणालेच होते, "गोल काढा, टिकंल." पण गोलात हातपाय मारायला लांबी मिळत नाही. मी चौकोनावर अडून राहिले, फक्त आतले कोपरे गोलसर करायचे ठरवले.

घरी परतताना आणखी एक गोष्ट डोक्यात आली, आणि खरं तर हा सगळा लेख तिच्यासाठीच लिहिते आहे. विहिरीला तळ नसतो. म्हणजे असतो, पण बंद नसतो. जमिनीतलं पाणी आत यावं म्हणूनच तर ती खणतात. पाणी चढलं की विहीर चढते, उतरलं की उतरते, तिचं जमिनीशी भांडण नाही. माझा हौद नेमका उलटा. आतलं पाणी बाहेर जाऊ द्यायचं नाही आणि बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही. मी आयुष्यभर विहिरीच्या काठावर बसून जे पाहिलं त्यातलं काहीही मला इथे उपयोगी नव्हतं.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पत्रा उचलला. पाणी जमिनीच्या खाली दीड फुटावर होतं. सात फुटी खड्ड्यात साडेपाच फूट पाणी! वाटलं, पावसाचंच साचलं असेल. भाच्याने आणि मी मिळून बादल्यांनी उपसलं, कंबरडं मोडलं, पुन्हा पत्रा टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी त्याच खुणेवर. आखाडाने उत्तर दिलं होतं.

मग संध्याकाळी वही घेऊन बसले. आर्किमिडीज आठवीच्या वर्गात मी कितीदा सांगितला असेल, पण स्वतःच्या अंगणात तो भेटेल असं वाटलं नव्हतं. हौदाचं काँक्रीट २५५ घनफूट, म्हणजे सव्वासात घनमीटर. घनमीटरला अडीच टन धरले तर वजन साधारण १८ टन. आता हौद रिकामा आहे, तळ जमिनीखाली पाच फुटांवर आणि भूजल दीड फुटावर, असं धरा. साडेतीन फूट हौद पाण्यात बुडालेला. २१ गुणिले ११ गुणिले साडेतीन, ८०८ घनफूट, म्हणजे जवळजवळ २३ टन पाणी त्याने बाजूला सारलं. खालून २३ टन वर ढकलणार, वरून १८ टन दाबणार. भिंतीच्या घर्षणाचा थोडा आधार सोडला तर माझा हौद ही सिमेंटची होडी होती. भर पावसाळ्यात "जरा धुऊन काढू" म्हणून उपसला असता तर एखाद्या सकाळी तो वीतभर वर आलेला दिसला असता, पाइप तुटलेले, एक कोपरा तिरका. हे कल्पनेतलं नाही. रिकामे तलाव असे उचलले जातात, म्हणून चांगल्या बांधणीत तळाला दाब सोडणारी झडप ठेवतात आणि बाजूला खडी भरून पाणी उपसायची छोटी विहीर ठेवतात. त्या चार पानी दरपत्रकात या झडपेचा उल्लेख नव्हता. निळे दिवे होते.

रात्री झोप आली नाही. सकाळी उठून मी सगळं अडीच फूट वर उचलायचं असं लिहिलं, मग दोन फुटांवर आले. खोली तीच साडेचार, पण अडीच फूट जमिनीत आणि दोन फूट जमिनीवर. आता तळ तीन फुटांवर आला. भूजल त्याच दीड फुटावर धरलं तर बुडणारा भाग दीडच फूट, वर ढकलणारे पाणी दहा टनांच्या आत. १८ विरुद्ध १०. खड्डा जवळजवळ सतरा ब्रासवर आला. भोवतीचा कठडा दोन फूट उंच, बसायला बरोबर. गवंड्यांना नकाशा दाखवला तर ते म्हणाले, "ह्ये तर थारोळं झालं की बाई." माझ्या ते तोपर्यंत लक्षातही आलं नव्हतं.

बाकीचं भराभर सांगते, कारण ते कुठेही वाचायला मिळेल, पण दोन-तीन गोष्टी सहसा कोणी सांगत नाही. काळी माती भिंतीमागे परत भरायची नाही. ती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगून भिंतीला रेटते. मागे मुरूमच भरायचा, थर देऊन, पाणी मारून, धुमसून. गळती बहुतेक वेळा भिंतीतून होत नाही, तळ आणि भिंत जिथे मिळतात त्या सांध्यातून होते. म्हणून तळाबरोबरच भिंतीचा सहा इंचांचा स्टार्टर एका दमात ओतायचा आणि सांध्यात पीव्हीसीची वॉटर स्टॉप पट्टी घालायची. काटकोन गुण्याने बघू नका, एवढ्या लांबीला गुण्या फसवतो, कर्ण मोजा. २१ बाय ११चा कर्ण २३ फूट साडेआठ इंच, दोन्ही कर्ण सारखे आले की चौकोन खरा. आणि काठाची पातळी पाण्याच्या नळीने दहादा तपासा, कारण एकदा हौद भरला की पाणी स्वतःच जन्मभर लेव्हल दाखवत राहतं. अर्ध्या इंचाची चूक तुम्ही विसराल, ते विसरणार नाही.

गळतीची परीक्षा मला फार आवडली. हौद भरायचा, पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवायची, दोन्हीकडे पातळीची खूण करायची. दोन दिवसांनी हौद बादलीइतकाच उतरला असेल तर ते ऊन, जास्त उतरला असेल तर ती गळती. इतकी साधी गोष्ट. माझ्या वर्गात प्रयोगाला नियंत्रक, म्हणजे तुलनेसाठी दुसरा नमुना, का लागतो हे मी याच बादलीने शिकवलं असतं.

उन्हाचं प्रकरण मात्र साधं नाही. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये दिवसाला आठ मिलिमीटर तरी पाणी उडतं. दोनशे चौरस फुटांवर ते रोज दीडशे लिटर होतं, महिन्याला साडेचार हजार. माझी नोकरीची पहिली सात वर्षं माण तालुक्यात गेली. तिथे टँकर आला की शाळा अर्धी रिकामी व्हायची. मुली हंडे घेऊन रांगेत. त्या मुलींपुढे हा दीडशेचा आकडा कसा मांडू? नवऱ्याने लगेच हिशेब दिला की एक एकर उसाला तीन इंच पाटपाणी म्हणजे तीन लाख लिटर, तुझा सगळा हौद त्याच्या तेराव्या हिश्शाचा. हिशेब बरोबर आहे. पण उसाला कोणी विचारत नाही म्हणून मलाही विचारू नये, हे मला उत्तर वाटलं नाही.

मी दोन नियम केले. उन्हाळ्यात वापर नसेल तेव्हा हौदावर ताडपत्री, मग तो कितीही कुरूप दिसो. आणि चाचणीचं पाणी सोडलं तर भरणी छपराच्या पाण्याने. छप्पर हजार चौरस फुटांचं आहे. ८०० घनफूट पाणी हवं तर त्यावर साडेनऊ इंचांच्या जरा वर पाऊस लागतो. पन्हळीत, गाळणीत, पहिल्या सरीची घाण सोडून देण्यात काही जाणार, म्हणून बारा इंच धरू. जुलै संपेपर्यंत तेवढा आमच्याकडे सहसा होतो. हे मांडताना ध्यानात आलं की जो पाऊस जमिनीखालून हौदाला उचलायला येणार, तोच वरून त्याच्या पोटात साडेबावीस टन होऊन बसणार. त्या दिवशी मला छान झोप लागली.

पाणी वर्षभर तेच ठेवायचं तर ते जिवंत ठेवावं लागतं. वाळूचा फिल्टर, तासाला पाच हजार लिटर ओढणारा पंप, म्हणजे साडेचार तासांत सगळं पाणी एकदा फिरतं. क्लोरीन लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या आसपास, पीएच ७.२ ते ७.६. ग्रामपंचायतीचा माणूस गावच्या टाकीत टाकतो तीच टीसीएल पावडर चालते. ताजी असेल तर तिच्यात एक तृतीयांश क्लोरीन, म्हणजे माझ्या हौदाला एका वेळी साधारण १४० ग्रॅम, तीही बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, फक्त निवळी ओतायची, आणि ऊन कललं की. दुपारी ओतलेलं क्लोरीन सूर्य पिऊन टाकतो. फरशी धुवायचं ॲसिड त्या कपाटात ठेवायचं नाही, दोन्ही एकत्र आले तर विषारी वायू होतो. पंपाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लाइन तोडणारा स्विच, आणि पाण्यात दिवा नाहीच. निळाही नाही.

भाच्याने मध्येच सुचवलं होतं की एवढ्या सिमेंटपेक्षा शेततळ्याचा पाचशे मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद अंथरला तर चौथाई पैशात होईल. पैशाचं खरं आहे. पण दर उन्हाळ्यात शेततळ्यात कोणीतरी बुडाल्याची बातमी येते. पोहता येणारीही बुडतात, कारण उतारावरचा तो ओला कागद बोटांना पकडच देत नाही. काठ हातभर अंतरावर असतो आणि माणूस परत परत घसरत राहतो. ज्यांच्या घरी शेततळं आहे त्यांनी त्यात गाठी मारलेले दोर सोडावेत, आजच. धाकट्या भावाचा नातू तीन वर्षांचा आहे, सुट्टीला येतो. माझ्या हौदाला दोन फुटी कठडा असला तरी त्याला तो पार करता येतो, म्हणून भोवती चार फूट उंच जाळी आणि आपोआप बंद होणारं फाटक, खिट्टी आतल्या बाजूला वर. लहान मूल बुडताना ओरडत नाही. याबाबतीत मी कोणाचंही ऐकलं नाही.

आता कार्तिक आहे. खणायला संक्रांतीनंतर सुरुवात, म्हणजे जमिनीतलं पाणी उतरलेलं असेल आणि काँक्रीटला २८ दिवस पाणी पाजून, चाचणी घेऊन, प्लॅस्टर होईपर्यंत मृग लांब असेल. मागच्या रविवारी फक्कीने आखणी केली. एकवीस बाय अकराचा पांढरा चौकोन, कर्ण दोन्ही जुळले. आई सध्या माझ्याकडे आहे, ८३ वर्षांची. तिला खुर्ची आणून दिली, तर ती खुर्ची तिने उचलून चौकोनाच्या आत ठेवायला लावली आणि तिथे बसली. बराच वेळ कडेकडेने बघत होती. मग विचारलं, "पायऱ्या कुठं गं?"

मी दाखवलं. अरुंद बाजूला, नऊ-नऊ इंचांच्या.

"त्यातली एक रुंद कर," ती म्हणाली. "मला बसता आलं पाहिजे. पाणी इथपर्यंत." आणि तिने पदरावर, कमरेच्या जरा वर, हात आडवा धरला.

टेप माझ्या हातातच होता. मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसून खुर्चीच्या बैठकीपासून तिच्या हातापर्यंत मोजलं. साडेआठ इंच. वरची पायरी दीड फूट रुंद, पूर्ण दहा फूट लांब, पाण्याखाली साडेआठ. वहीत तेवढं पान खोडून परत काढलं, तळाचं माप तेवढं कमी केलं. दोघींना बसायला जागा आहे.